नकाशा सरांचा, पाट आजोबांचा. मग माझे काय?

साक्री तालुक्यातून, कला शाखेच्या तिसऱ्या वर्षात भूगोल शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचे पत्र आले आहे. नाव, गाव आणि महाविद्यालय वगळून त्याचा सारांश असा:

"पांझरा नदीवरच्या आमच्या गावच्या बंधाऱ्याखाली चालणाऱ्या फड पद्धतीवर (बंधाऱ्याचे पाणी पाटाने शेतांच्या गटांना, म्हणजे फडांना, पाळीपाळीने देण्याची जुनी सामूहिक पद्धत) मी प्रकल्प केला. विषय मार्गदर्शक सरांनी सुचवला. माहिती मी गोळा केली. आजोबा पूर्वी पाटकरी (पाटाचे पाणी वाटणारे) होते, त्यामुळे गावातली जुनी माणसे माझ्याशी मोकळेपणाने बोलली. पण नकाशा सरांनी त्यांच्या संगणकावर केला, इंग्रजी सारांश त्यांनीच लिहिला आणि 'या पद्धतीमुळे पाण्याची मोठी बचत होते' हा निष्कर्षही त्यांनीच घातला. जिल्हास्तरावरच्या 'आविष्कार' संशोधन स्पर्धेत परीक्षकांनी नकाशा कसा तयार केला असे विचारले, तेव्हा मी गप्प राहिले आणि शेजारी उभ्या असलेल्या सरांनी उत्तर दिले. तरीही निवड झाली. आता विद्यापीठस्तरासाठी जळगावला जायचे आहे, पण हे काम माझे नाहीच असे मला वाटते. नाव मागे घेतले तर सर दुखावतील. वडील म्हणतात, परीक्षा तोंडावर आली असताना हे कशाला? मैत्रिणी म्हणतात, सगळ्यांचे असेच असते, जाऊन ये. जाता जाता एक सांगते. सरांच्या नकाशात एकच पाट दाखवला आहे. आजोबांनी सांगितलेली दुसरी, बंद पडलेली चारी (पाटापासून फुटणारा लहान पाट) मी चालत जाऊन पाहिली. तिच्यात आता बाभळी माजल्या आहेत. पण ती नकाशात नाही."

ताई,

तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा मजकूर तुम्ही 'जाता जाता' म्हणून शेवटी टाकला आहे. बाभळींनी भरलेली ती चारी उपग्रहाच्या छायाचित्रात झाडांची एक ओळ म्हणून दिसत असेल, आणि तिथे एके काळी पाणी वाहत होते हे ज्याला माहीत नाही तो ती ओळ पाहून पुढे जाईल. सरही तसेच पुढे गेले, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण त्यांच्याजवळ तुमचे आजोबा नव्हते. तुम्ही मात्र ऐकले, शंका घेतली, उन्हातून चालत गेलात आणि खात्री केलीत. संशोधन म्हणतात ते याहून वेगळे काही नसते. 'हे काम माझे नाहीच' हे तुमचे वाक्य म्हणूनच मला जसेच्या तसे मान्य नाही. ते पूर्णपणे चुकीचे आहे असेही मी म्हणणार नाही. तुमच्या मनात तीन वेगवेगळ्या गोष्टींची गुंतागुंत झालेली दिसते: मदत घेतल्याचा संकोच, प्रश्नाला उत्तर न देता आल्याची लाज, आणि आपल्याला न पटलेले विधान आपल्या नावावर जात असल्याची बोच. यातला संकोच अनाठायी आहे, लाज घालवता येण्यासारखी आहे आणि बोच अगदी रास्त आहे.

मार्गदर्शनाखाली केलेले काम म्हणजे उसने काम, असा समज आपल्याकडे बराच रुजलेला आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनात घेण्याची पद्धत जिथे नावारूपाला आली, तिथे मार्गदर्शक हा त्या व्याख्येचाच भाग मानला गेला. अमेरिकेतल्या एमआयटीने १९६९ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात सामील करून घेणारा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये पदवीस्तरीय संशोधनासाठी त्याच देशात एक स्वतंत्र परिषद स्थापन झाली, आणि १९८७ मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या ॲशव्हिल येथे अशा विद्यार्थ्यांचे पहिले राष्ट्रीय संमेलन भरले. या सगळ्या उपक्रमांत शोधकार्याबरोबर सर्जनशील कामालाही जागा असते, आणि दोन्हींच्या मागे शिक्षक असणे हे गृहीतच धरलेले असते. आपल्याकडे २००६ पासून राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने विद्यापीठांची 'आविष्कार' स्पर्धा सुरू आहे, तिथेही तसेच आहे. तुमचा विषय ज्या गटात मोडतो त्याच मानव्यविद्या, भाषा व ललित कला गटात कोणी लोकगीतांवर काम घेऊन येतो, कोणी शिल्पकलेवर. त्या प्रत्येक भित्तिपत्रकामागे कोणी ना कोणी सर किंवा मॅडम असतातच, आणि परीक्षकांना ते ठाऊक असते.

तेव्हा विषय सरांनी सुचवला हे मनातून काढून टाका. पीएच.डी.च्या कित्येक विद्यार्थ्यांनाही विषय मार्गदर्शकच सुचवतात. पाटकऱ्याने फडापर्यंत पाणी आणून दिले म्हणून पीक पाटकऱ्याचे होत नाही, हे तुमच्या घरात मी सांगण्याची गरज नाही. मात्र पाटकरीच वावरात उतरून पेरणी करू लागला तर शेतकऱ्याला 'काय पेरले' या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, आणि जिल्हास्तरावर तुमचे नेमके तसे झाले.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोणाला म्हणावे याचे चार निकष ठरवले आहेत. कामात भरीव वाटा असणे, मजकूर लिहिण्यात किंवा त्यावर गंभीर संस्करण करण्यात सहभाग असणे आणि अंतिम मसुद्याला संमती देणे, हे पहिले तीन. चौथा निकष असा की, कामाच्या कोणत्याही भागाविषयी प्रश्न उभा राहिला तर त्याची जबाबदारी घेण्याची तयारी असली पाहिजे. हे निकष वैद्यकासाठी लिहिलेले असले तरी चौथा तुमच्या प्रसंगाला चपखल लागू पडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांतही वाङ्मयचौर्याची व्याख्या दुसऱ्याचे काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून खपवणे अशी आहे. आक्षेप मदत घेण्याला नसून ती लपवण्याला आहे. मैत्रिणी म्हणतात तसे 'सगळ्यांचे असेच असते' हे मदतीपुरते खरे आहे. लपवण्यापुरते ते खरे असले तरी तुमच्या उपयोगाचे नाही, कारण जळगावला भित्तिपत्रकासमोर तुम्ही एकट्या उभ्या असाल.

आता नकाशाविषयी, कारण खरा उपाय तिथेच आहे. तुम्ही गप्प राहिलात ते फड पद्धत कळत नव्हती म्हणून नव्हे. एक संगणकप्रणाली हाताळता येत नव्हती, एवढेच. सरांनी बहुधा क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे सॉफ्टवेअर वापरले असेल. ते विनामूल्य मिळते आणि साध्या संगणकावरही चालते. सरांकडे एक-दोन दुपारी मागून घ्या आणि त्यांच्या शेजारी बसून, माउस आपल्या हातात ठेवून, तोच नकाशा पहिल्यापासून करा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा कोणत्या प्रमाणाचा घेतला, त्याला अक्षांश-रेखांश कसे जोडले, उपग्रहाचे छायाचित्र कुठून आणि कोणत्या सालचे घेतले, बंधारा, पाट आणि फड हे वेगवेगळे स्तर कसे काढले, एवढे कळले तरी परीक्षकांच्या नकाशाविषयीच्या बहुतेक प्रश्नांना तुम्ही स्वतः उत्तर देऊ शकाल. नकाशा सरांच्या नकाशाइतका देखणा होणार नाही. न होवो. वेळ अगदीच नसेल तर सरांचा नकाशा तसाच ठेवा आणि त्याखाली 'पायाभूत नकाशा: मार्गदर्शक' असे स्पष्ट छापा. या तीन शब्दांनी तुमचे काहीही कमी होत नाही.

पण ती बंद चारी नकाशात आलीच पाहिजे. मोबाइल घेऊन पुन्हा एकदा तिच्या काठाने चाला, दर काही पावलांवर स्थाननोंद घ्या, जिथे पाटापासून ती फुटते तिथले आणि जिथे ती बुजून शेतात नाहीशी होते तिथले छायाचित्र काढा. नकाशावर ती तुटक रेषेने दाखवा आणि सूचीत 'बंद चारी. मौखिक माहिती व प्रत्यक्ष पाहणी' असे लिहा. मग नकाशाची मोठी प्रत घरी नेऊन आजोबांसमोर अंथरा आणि काहीही न समजावता 'यात काय चुकले?' एवढेच विचारा. नकाशावर बोट ठेवून ते जे दुरुस्त करतील, ते सगळे तारखेसह वहीत उतरवून घ्या. त्यांना उत्तर दिशेपेक्षा नदीचा वरचा आणि खालचा अंग अधिक जवळचा असेल. नकाशा नदीच्या प्रवाहाप्रमाणे फिरवून ठेवलात तर ते अधिक बोलतील.

आजोबांविषयी मात्र एक शंका मला घ्यावीशी वाटते. तुमची जवळजवळ सगळी माहिती त्यांच्या ओळखीतून आली आहे. पाटकरी म्हणजे पाणी वाटणारा माणूस, आणि वाटणाऱ्याच्या आठवणीत वाटप नेहमीच न्याय्य असते. ज्यांचे वावर पाटाच्या अगदी शेपटाला होते, ज्यांच्या पाळीला पाणी येईपर्यंत रात्र उलटत असे, त्यांना कोणी विचारले का? ज्यांची जमीन फडात नव्हतीच, जे फडातल्या उसात मजुरीला जात, त्यांच्या दृष्टीने ही पद्धत कशी होती? अशा दोन-तीन घरांत जाऊन बसलात तर तुमच्या प्रकल्पाला आज नसलेली एक बाजू मिळेल. आजोबांशी असलेले नाते भित्तिपत्रकावर उघड लिहा. लपवलेले नाते परीक्षकांना खटकते, आणि सांगितलेले नाते हेच तुम्हाला माहिती मिळण्याचे कारण होते हे त्यांच्या लगेच ध्यानात येते. ज्यांची नावे किंवा छायाचित्रे वापरणार असाल त्यांना आधी विचारा. पाण्याच्या वादातली जुनी भांडणे कोणी विश्वासाने सांगितली असतील, तर ती नाव न घेता मांडा.

पाणीबचतीच्या वाक्याबाबत तुमची अस्वस्थता मला पूर्ण पटते. बचत झाली असे म्हणायचे तर किती पाण्याच्या तुलनेत, हे सांगावे लागते. त्यासाठी पाटाच्या मुखाशी प्रवाह मोजावा लागतो, त्याखाली किती क्षेत्र भिजले आणि कोणते पीक होते हे नोंदवावे लागते, आणि विहिरीवर किंवा बोअरवर भिजणाऱ्या तशाच क्षेत्राशी ते ताडून पाहावे लागते. यातले काहीही तुम्ही केलेले नाही, आणि पदवीच्या विद्यार्थिनीने एका हंगामात ते करावे अशी अपेक्षाही नाही. फड पद्धतीच्या गुणांविषयी पूर्वीच्या अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे, ते त्यांच्या नावाने सांगता येईल. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या खोऱ्यांतली ही पद्धत काही शतके जुनी आहे आणि तिचा अभ्यासही नवा नाही. त्यामुळे 'यात नवीन काय?' हा प्रश्न तुम्हाला हमखास येईल. तेव्हा बचतीचे वाक्य पुढे केलेत तर फसाल. 'या एका बंधाऱ्याखालचे कोणते फड आज चालू आहेत, कोणते मोडले, कोणती चारी कधी आणि कशामुळे बंद झाली असे लोक सांगतात, याची नोंद यापूर्वी माझ्या पाहण्यात आलेली नाही, ती मी केली आहे' असे म्हणालात तर ते विधान लहान असेल, पण त्यातला शब्दन्शब्द तुमच्या वहीतून दाखवता येईल.

सरांशी बोलायचे कसे, हा तुमचा खरा प्रश्न असावा. 'सर दुखावतील' हे तुम्ही गृहीत धरले आहे. मला तेवढी खात्री वाटत नाही. अनेक महाविद्यालयांत अशा स्पर्धांतला सहभाग मूल्यांकनाच्या अहवालात मोजला जातो, तारखा ऐन वेळी कळतात, आणि मग शिक्षक विद्यार्थ्याला शिकवत बसण्याऐवजी काम स्वतःच उरकतात. त्यांचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. तरीही परीक्षकांनी तुम्हाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सरांनी द्यायला नको होते, आणि मोजमापाशिवायचा निष्कर्ष तर मुळीच घालायला नको होता, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत घेऊन तुम्ही त्यांच्याकडे जाऊ नका. जाताना वही, चारीची छायाचित्रे आणि कोऱ्या कागदावर लिहिलेले पर्यायी वाक्य घेऊन जा. 'सर, बचतीबद्दल परीक्षकांनी आकडे विचारले तर माझ्याकडे नाहीत. त्याऐवजी हे वाक्य घेतले तर मला ठामपणे बोलता येईल. आणि नकाशा मला तुमच्याकडून शिकून घ्यायचा आहे.' यात तक्रार नाही, शिकण्याची मागणी आहे, आणि शिक्षकाला ती नाकारणे जड जाते.

तरीही ते वाक्य राहूच दे म्हणाले, तर तुमच्या तोंडी मांडणीत ते घेऊ नका. कोणी विचारले तर 'हे पूर्वीच्या अभ्यासांवर आधारलेले मत आहे, मी मोजमाप केलेले नाही' असे शांतपणे सांगा. मोजमाप केले असे खोटे सांगायला लावत असतील, तर मात्र नाव मागे घ्या, मग कोणी दुखावले तरी चालेल. या एका परिस्थितीखेरीज माघार घेण्याचे कारण मला दिसत नाही. माघार घेतलीत तर ज्या माणसांनी तुम्हाला तासन् तास वेळ दिला त्यांचे सांगणे वहीतच राहील. न बदलता गेलात तर ज्या गोष्टीने आज झोप उडाली आहे ती आणखी मोठ्या सभागृहात घडेल. हातात असलेल्या दिवसांत जेवढे स्वतःचे करता येईल तेवढे करून घ्यावे आणि उरलेले कोणाचे आहे ते सांगून टाकावे, हेच मला बरे दिसते.

इंग्रजी सारांशाचे म्हणाल, तर आधी स्पर्धेचे परिपत्रक नीट वाचा किंवा महाविद्यालयाच्या समन्वयकांना विचारा. मराठीतून मांडणीला मुभा असेल तर ती घ्या. इंग्रजी सारांश ठेवावाच लागला तर त्यातले प्रत्येक वाक्य मराठीत स्वतःला समजावून सांगा, आणि जे सांगता येणार नाही ते सरांच्या संमतीने सोपे करून घ्या. फड, पाटकरी, चारी, सांडवा हे शब्द कोणत्याही भाषेत लिहिताना तसेच ठेवा आणि शेजारी एका ओळीत अर्थ द्या. आजोबांचे एखादे अहिराणी वाक्य नकाशाच्या कडेला त्यांच्याच शब्दांत आले तर फारच उत्तम. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे येतात. यावलकडच्या केळीच्या पट्ट्यातून आलेल्या परीक्षकांनी फड कधी पाहिलाही नसेल. त्यांना 'एका फडात त्या हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे' हा नियम पहिल्याच मिनिटात सांगितलात, तर पुढचे सगळे त्यांना सहज समजेल.

सर्जनशील काम घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्यांचीही अशीच पत्रे येतात: कवितांच्या ओळी मॅडमनी बदलल्या, एकांकिकेचा शेवट सरांनी लिहिला, चित्रातली रंगसंगती त्यांनी ठरवली. तिथे रेघ ओढणे संशोधनापेक्षा अवघड असते, कारण कवितेत एका शब्दानेही सगळे पालटते. त्यांना मी एवढेच सुचवेन की प्रत्येक मसुदा तारीख घालून जपून ठेवावा. सुधारणा स्वीकारताना ती का स्वीकारली हे समासात लिहावे, आणि पटली नाही तर नम्रपणे जुनी ओळ परत घ्यावी. प्रयोगशाळेत जोडीने काम करणाऱ्यांनी कोणी काय केले हे सुरुवातीलाच एका कागदावर लिहून मार्गदर्शकांची सही घ्यावी. हे शेवटी करायला गेले की भांडण होते.

वडिलांचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. साक्रीहून जळगाव म्हणजे धुळ्याला गाडी बदलून दीडशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, आणि मुक्कामाची सोय हा मुलींच्या घरी काळजीचा विषय असतो. सोबत कोण आहे, राहण्याची व्यवस्था कुठे आहे, खर्च महाविद्यालय देणार का, हे आधी विचारून त्यांना सांगा. नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक आहेत. हेच काम त्यात धरता येईल का, तेही विभागात विचारून पाहा. धरले गेले तर परीक्षेचा अडसर थोडा कमी होईल.

भित्तिपत्रकासमोर परीक्षक फार तर काही मिनिटे थांबतात. त्या वेळेत सगळे सांगण्याचा प्रयत्न करू नका. बंधारा, फडाचा नियम, नकाशातली तुटक रेषा, एवढ्यावर या आणि थांबा. पुढचे त्यांना विचारू द्या. मूळ वही टेबलावर ठेवा. घामाने डागाळलेली असली तरी चालेल, नवी करून लिहू नका. 'माहीत नाही' हे उत्तर द्यावे लागले तर त्यापुढे 'ते कसे शोधता येईल' हे एका वाक्यात सांगा. आणि सरांना निघण्यापूर्वीच विनंती करून ठेवा की, मांडणी चालू असताना त्यांनी शेजारी न थांबता दुसऱ्या रांगेतली भित्तिपत्रके पाहावीत. 'तुम्ही जवळ असलात की मी तुमच्याकडेच बघते, सर' असे म्हणालात तर त्यांना वाईट वाटणार नाही, आणि ते खरेही आहे.